वरच्याचा निरोप

फार जुन्या काळी, वाळवंटातल्या एका खोल दरीत लाल वालुकाश्माचा डोंगर होता. डोंगर कसला, एकमेकांवर रेलून बसलेले वाळूचे कणच ते! त्यांची एक रीत होती: खालच्याने विचारायचं, वरच्याने सांगायचं.

डोंगराच्या पोटात दडपलेला तांबू नावाचा कण रोज विचारी, "वर कसं आहे, काका?"

वरून निरोप उतरे, "झकास! काय ऊन पडलंय!"

त्या उन्हाच्या आशेवर तांबूने अंधारात युगं काढली. वरचे थर एकेक करून कमी होत गेले. आपल्याला जागा करून द्यायलाच काका सरकतात, असं त्याला वाटे.

एके दिवशी तांबू माथ्यावर आला. ऊन होतं, पण वारा त्याहून जबर होता. खाली मैलोन् मैल वाळूत सगळे काका बेवारशी लोळत होते. तांबूचीही पकड सुटू लागली.

तेवढ्यात खालून कोवळा आवाज आला, "वर कसं आहे, काका?"

खरं सांगावं म्हणून तांबूने तोंड उघडलं. पण त्या पोराला पळायला वाट तरी कुठे होती?

"झकास, बाळा," तांबू म्हणाला. "काय ऊन पडलंय!"