खेकडी आणि चिखलाचे तीन गोळे

हिरड्याच्या दाट रानातून एक ओढा वाहत असे, आणि त्याच्या तळाशी दगडांच्या कपारीत एक खेकडी राहत असे. त्या रानाची एक रीत होती. पावसाळा सरला की सगळ्या प्राण्यांनी मिळून ओढ्यावर दगडमातीचा बांध घालायचा, म्हणजे उन्हाळ्यात कोणाचा घसा कोरडा पडत नसे. त्या वर्षी मुकादम झाले होते रानडुक्कर. त्याने हुकूम सोडला, "मोठे दगड वर लावा. बांध कसा भारदस्त दिसला पाहिजे! तळाला बारीकसारीक गोटे चालतील. पाण्याखाली बघायला कोण जातंय?"

"मी जाते," खेकडी म्हणाली. "मी तिथेच राहते. मुकादम, पाणी जितकं खोल, तितकं ते जास्त रेटतं. उथळ पाण्यात मी मजेत हिंडते, पण ओढा भरला की वरच्या सगळ्या पाण्याचा भार माझ्या पाठीवर येतो. बांध खाली रुंद हवा." झाडावरचे वानर खो खो हसले. "पाणी ते पाणी! वर काय नि खाली काय! मूठभर जीव, आणि म्हणे मुकादमाला शिकवते!" खेकडीला राग आला, आणि तो तिने लपवलाही नाही. पण ऐकतो कोण? बांध मुकादमाच्या मनासारखाच झाला.

बांध भरला आणि आठ दिवसांत गळू लागला. मग काय, चोर सोडून संन्याशाला फाशी! रानडुक्कर गरजले, "या खेकडीनेच बांध पोखरला! दिवस मावळायच्या आत ओढा सोडून चालती हो!" मुलांनो, खेकडीच्या पोटाशी त्या वेळी इवलीइवली पिल्ले बिलगलेली होती. कोरड्या रानात त्यांतले एकही वाचले नसते. तिने दोन्ही नांग्या उगारल्या. "नाही जाणार! आधी माझा गुन्हा दाखवा. बांधाला तीन फटी पडल्यात, एक वर, एक मध्ये, एक तळाशी. चिखलाचे तीन सारखे गोळे करा आणि बाहेरून एकेका फटीत बसवा. तिन्ही टिकले, तर पाणी सगळीकडे सारखंच रेटतं, फटी मीच पाडल्या असं समजा; मी आपणहून जाते."

वानराने गोळे वळले. वरचा घट्ट बसला. मधला फुगला आणि हळूहळू निसटला. तळचा मात्र हात काढताच असा उडाला, की थेट रानडुकराच्या थोबाडावर! "लबाडी आहे ही!" असे म्हणून रानडुकराने स्वतः गोळा वळून दाबला, तर तोही तोंडावर आला. "आता बोला," खेकडी वानराकडे वळून म्हणाली, "वर काय नि खाली काय?" वानराने शेपटी खाजवली.

तेवढ्यात वरच्या अंगाला ओढ्याचा काठ ढासळला आणि बघता बघता बांधातले पाणी गढूळ, दाट झाले. रानडुक्कर म्हणाले, "पाणी बोटभरही चढलेलं नाही. भ्यायचं कशाला?" खेकडी ओरडली, "चढलं नाही, पण जड झालंय! गाळ मिसळला की तेवढंच पाणी जास्त रेटतं. तळाकडे बघा!" तळचे गोटे खरोखरच सरकू लागले होते. मग मुकादमाला विचारत कोणी बसले नाही. गवा, साळिंदर, वानर, सगळे धावले. वरचे मोठे दगड उतरवून त्यांनी बाहेरच्या बाजूने पायथ्याशी रचले, खेकडी सांगेल तिथे. बांध ठेंगणा झाला, थोडे पाणी वरून वाहूनही गेले, पण पायथा हलायचा थांबला.

दिवस मावळायला आला. रानडुक्कर तोंडावरचा चिखल पुसत पुटपुटले, "बरं बरं, राहा मग इथे."

"राहा म्हणणारे तुम्ही कोण?" खेकडी म्हणाली. तिच्या नांग्या अजून वरच होत्या. "मी इथलीच आहे. तुम्ही फक्त एवढंच म्हणा, मी चुकलो."

आणि सगळ्या रानादेखत मुकादमाला ते म्हणावे लागले.

तात्पर्य : ज्याच्यावर सर्वांत जास्त भार पडतो, त्याला विचारल्याशिवाय बांध घालू नये, आणि कोणी विचारले नाही, तरी त्याने गप्प बसू नये.