पिट्टी आणि हरवलेला ढमू

रुंजीचं करडू हरवलं. त्याचं नाव ढमू. रुंजी रडली, भ्यँऽऽऽ! अख्खी गल्ली गोळा झाली.

शोधायला हवा ढमूचा फोटो. तो होता पिट्टीच्या पोटात. पिट्टी म्हणजे रुंजीचा एवढुस्सा पेनड्राइव्ह. तानूआत्याच्या फोटोच्या दुकानात होता एक जाडा कॉम्प्युटर. रुंजीनं पिट्टीला त्यात खोचलं. खट्ट!

आतल्या कुणी ढुंकूनसुद्धा बघितलं नाही. पिट्टीला आला राग. निघाली आत, टुणुक टुणुक.

पडदा बसला होता चकचकत.
"पडदेदादा, पडदेदादा, फोटो दाखव ना! रुंजीचं रडणं थांबेना."
"मी नाही दाखवणार, जा! आधी खिडकीला उघडू दे."

पिट्टी गेली, टुणुक टुणुक. खिडकी होती घडी घालून बसलेली.
"खिडकीबाई, खिडकीबाई, उघड ना! पडदा फोटो दाखवेना, रुंजीचं रडणं थांबेना."
"मी नाही उघडणार, जा! माझी घडी मोडेल. आधी दवंडीवाल्याला 'पिट्टी आली' असं ओरडू दे."

पिट्टी गेली, टुणुक टुणुक. दवंडीवाला घोरत होता, घुर्रर्र फूस!
"दवंडीकाका, दवंडीकाका, ओरडा ना! खिडकी काही उघडेना, पडदा फोटो दाखवेना, रुंजीचं रडणं थांबेना."
"मी नाही ओरडणार, जा! आधी पहारेकऱ्याला कोण आलंय ते बघू दे."

पिट्टी गेली, टुणुक टुणुक. पहारेकरी बसला होता नाकात बोट घालून. शी!
"पहारेकरीमामा, बघा ना! दवंडीवाला ओरडेना, खिडकी काही उघडेना, पडदा फोटो दाखवेना, रुंजीचं रडणं थांबेना."
"मी नाही बघणार, जा! तुझा नियम कुठे लिहिलाय? आधी आत्याला लिहू दे."

पिट्टी आली बाहेर, टुणुक टुणुक. आत्या भडंग खात होती.
"आत्या, आत्या, नियम लिही ना! पहारेकरी बघेना, दवंडीवाला ओरडेना, खिडकी काही उघडेना, पडदा फोटो दाखवेना, रुंजीचं रडणं थांबेना."

"अगं बाई!" आत्या म्हणाली. "कीबोर्डचा लिहिला, प्रिंटरचा लिहिला, तुझाच राहिला की गं!"

आत्यानं हात पुसले. टक टक टक, नियम लिहिला: 'कुणीही आत आलं की लगेच बघायचं. उगाच इकडून तिकडे पळवायचं नाही!'

पिट्टी पुन्हा आत. खट्ट!

पहारेकरी दचकला. बोट काढलं, बघितलं.
दवंडीवाला ओरडला, "ढुम ढुम! पिट्टी आली होऽऽ!"
खिडकी उघडली, फटाक!
पडद्यावर आला ढमूचा फोटो, हा एवढा मोठ्ठा!

खर्र खर्र! प्रिंटरनं कागद काढला. रुंजीनं तो दुकानाच्या दारावर चिकटवला. आत्यानं पिट्टीला मानाच्या खुर्चीवर बसवलं. पिट्टीची मान ताठ!

तेवढ्यात दारातून आवाज आला. मच मच मच!

कोण? ढमू! स्वतःचाच फोटो खात होता. कान खाल्ले, शिंगं खाल्ली. रुंजीनं धावत जाऊन मिठी मारली.

रुंजीचं रडणं थांबलं.
ढमूचं खाणं थांबेना!