दगडावरचे भेकर

मुलांनो, एका दगडाळ जंगलात एक तरस राहत असे. जे मेले ते त्याचे, असा तिथला जुना रिवाज होता. कुणी पडले, की बाकीचे मागे न बघता निघून जात आणि तरस आपल्या सवडीने येई. त्याला कुणी हाक मारत नसे, कुणी अडवतही नसे.

ही गोष्ट त्या काळची, जेव्हा दूर देशांत ख्रिस्ताचे नाव घेणारी माणसे थोडी होती आणि राजाच्या भीतीने जमिनीखाली जमत होती. जंगलातही तसेच काहीसे चालले होते. कधीकाळी एक मेंढपाळ त्या जंगलातून गेला होता. त्याने लंगड्यांचे पाय बांधले, लांडग्याच्याही पायातला काटा काढला आणि झाडाखाली बसून लहान लहान गोष्टी सांगितल्या. पुढे त्याला मारले. पण तो उठला, असे जंगलातल्या सायाळी सांगत. अंगभर काटे वागवणाऱ्या या सायाळी बिळात राहत. त्यांना फार काही कळत नव्हते. मेलेला प्राणी निजलेला असतो, एक दिवस मेंढपाळ त्याला हाक मारणार आहे आणि तोवर निजलेल्याला उघड्यावर टाकून जाऊ नये, एवढेच त्यांना कळले होते.

मग एका वर्षी जंगलात रोग आला. पाणवठ्यावर, वाटेवर, कुठेही प्राणी पडू लागले. आणि त्याबरोबर एक विचित्र गोष्ट घडू लागली. संध्याकाळी वाटेवर पडलेला सांबर सकाळी तिथे नसे. रक्त नाही, ओढत नेल्याची खूण नाही. माती तेवढी भुसभुशीत झालेली असे. तिला कान लावला तर खालून काट्यावर काटा घासल्याचा आवाज येई, आणि कुणीतरी अगदी हळू काही म्हणत असल्याचा. जमीन मेलेल्यांना गिळते, अशी सगळीकडे बोलवा झाली. हरणी आपल्या पाडसांना मऊ मातीवर बसू देईनात. सायाळी खालून खोदत येत आणि मेलेल्याला अलगद आत उतरवून घेत, हे कुणाच्या ध्यानात आले नाही. तरसाच्या मात्र आले, कारण त्याचे पोट रिकामे राहू लागले होते.

तो वाघाकडे गेला. म्हणाला, सायाळी जमिनीखाली बसून मेलेल्यांचे रक्त पितात. वाघाने डोळेही उघडले नाहीत. मेलेल्यांचे त्याला काय? तेव्हा तरस आणखी जवळ सरकला.

"महाराज, त्या तुमचं नाव घेत नाहीत. कुठल्याशा मेंढपाळाचं घेतात."

आता वाघाने डोळे उघडले.

दुसऱ्याच दिवशी हुकूम निघाला. पाणवठ्याच्या चिखलात वाघाचा पंजा उमटला होता. प्रत्येकाने त्या ठशावर एक हिरवे पान ठेवायचे आणि म्हणायचे, पाऊस पाडणारा वाघ, जीव देणारा वाघ. काय जाते पान ठेवायला, असे म्हणून सशांनी ठेवले, माकडांनी ठेवले. सायाळी बिळातून बाहेरच आल्या नाहीत. त्यांच्यातला एकच जण सापडला. ते होते एक तरुण भेकर. लहानपणी आई गेल्यावर एका म्हाताऱ्या सायाळीने त्याला आपल्या बिळाच्या तोंडाशी वाढवले होते. ते करवंदीच्या जाळीत लपले होते आणि ती जाळी तरसाने दाखवली.

भेकर वाघासमोर उभे राहिले. पान तोंडात दिले तरी त्याने ते ठेवले नाही.

"महाराज, तुम्ही जीव घेता हे मला माहीत आहे," ते म्हणाले. "देता, असं कसं म्हणू?"

वाघाने एकच पंजा मारला. मग त्याने ते काळ्या कातळावर नेऊन ठेवायला सांगितले, कारण कातळ खालून खोदता येत नाही. "हे उठणार आहे म्हणे," वाघ म्हणाला. "उठू दे. सगळ्यांसमोर उठू दे." पहाऱ्याला त्याने एक कोल्हा बसवला आणि कावळ्यांना कुणी हाकलायचे नाही, असे बजावले. ते संपले की मग बघू, मेंढपाळ कुणाला हाक मारतो ते.

तरसाला वाटले होते, आता आपले दिवस फिरले. पण पाणवठ्यावरून परतताना त्याच्याच अंगात ताप भरला. पाय जड झाले, डोळ्यांपुढे झाडे हलू लागली आणि तो वाटेतच आडवा झाला. मागून कोल्ह्याची बायको आली. कालपर्यंत ती त्याला भाऊजी भाऊजी म्हणत त्याच्या उष्ट्यावर जगली होती. तिने लांबूनच नाक वर केले.

"भाऊजी, बरं नाही वाटतं? असू दे, असू दे. मेलात की कळवा," ती म्हणाली आणि वळसा घालून गेली.

भर दुपार होती. एक पाखरू बोलत नव्हते. तरस पडल्या पडल्या आकाशाकडे बघत होता. मग आकाश काळे झाले आणि त्याला काही कळेनासे झाले.

शुद्ध आली ती अंगाखालची जमीन हलल्यामुळे. आधी त्याला वाटले, तापाने भास होतो आहे. पण त्याच्या पाठीखालची माती खरेच सरकत होती. थोडी, मग आणखी थोडी. तो खाली चालला होता. वरचा उजेड लहान लहान होत चालला होता. काट्यावर काटा घासल्याचा तो आवाज आता त्याच्या दोन्ही कानांशी होता आणि अंधारातून कुणीतरी अगदी मायेने म्हणत होते, "नीज बाळा. नीज. तो येईल तेव्हा आम्ही उठवू."

तरसाला ओरडायचे होते. तोंडातून आवाज निघेना. एक ओले नाक त्याच्या छातीला लागले आणि तिथेच थांबले.

"थांबा," तोच आवाज म्हणाला. "हा अजून जागा आहे."

त्या सायाळींनी त्याला पुरले नाही. आपल्या भुयारात एका बाजूला निजवले. शेवाळ पाण्यात बुडवून आणायचे आणि त्याच्या तोंडात पिळायचे, असे त्या आळीपाळीने करत राहिल्या. अंधाराला डोळे सरावले तेव्हा तरसाला दिसले, की भिंतींत ओळीने कोनाडे आहेत आणि प्रत्येक कोनाड्यात कुणीतरी निजलेले आहे. सांबर, माकडाचे पोर, म्हातारा रानडुक्कर. वाघाच्या ठशावर पान ठेवणारेही त्यांत होते. सगळ्यांचे पाय पोटाशी नीट दुमडलेले, थंडीत झोपताना दुमडावेत तसे. इतके मांस त्याने एका जागी कधी पाहिले नव्हते. पण त्याला भूक लागली नाही, भीती वाटली.

ताप थोडा उतरला तेव्हा त्याने विचारले, "मी कोण ते तुम्हाला माहीत आहे का?"

"माहीत आहे," म्हातारी सायाळ म्हणाली.

"मग?"

सायाळीने ओले शेवाळ पुन्हा त्याच्या तोंडात पिळले. मग तिने त्याला मेंढपाळाकडून ऐकलेली एक गोष्ट सांगितली. एका बाईच्या घरी चोर शिरला. थंडीने तो इतका काकडला होता, की चुलीची ऊब लागताच तिथेच झोपून गेला. सकाळी बाई उठली. तिने त्याला भाकरी दिली. त्याचे खाऊन झाल्यावर ती म्हणाली, आजपासून दाराची कडी तू सांभाळ. ती बाहेरून कशी उघडते ते तुलाच ठाऊक आहे.

"पुढे?" तरसाने विचारले. "त्याने काय केलं?"

"मेंढपाळाने पुढचं सांगितलं नाही," सायाळ म्हणाली.

तरस पडून राहिला. वरून, दूरवरून एक आवाज येत होता. खर्र, खर्र. थांबे आणि पुन्हा सुरू होई. निजलेल्यांपैकी तर कुणी खरवडत नाही ना, असे वाटून त्याच्या मानेवरचे केस उभे राहिले. त्याने विचारले तेव्हा एका तरुण सायाळीने तुटकपणे सांगितले, की आमच्यातल्या काही जणी कातळाखाली जाऊन खोदत आहेत. कातळ खोदला जात नाही हे त्यांनाही कळते. पण भेकर वर उघड्यावर पडले असताना स्वस्थ बसवत नाही. मग तिने आपले पुढचे पंजे तरसापुढे धरले. त्यांवर नखे उरली नव्हती.

तरसाने म्हाताऱ्या सायाळीकडे पाहिले. "त्याला कावळ्यांनी खाल्लं तर तुमचा मेंढपाळ त्याला उठवणार नाही का?"

"उठवेल की. कावळ्याच्या पोटातूनही शोधून काढेल. त्याला काय अवघड आहे?" ती म्हणाली. मग तिचा आवाज बारीक झाला. "पण लेकरू आहे रे. रात्री पाय आखडून झोपायचं. दगडावर तसंच पसरून पडलंय."

तरस उठला. भिंतीला धरून थोडा वेळ उभा राहिला आणि मग म्हणाला, की मी आणतो.

तरुण सायाळींचे काटे एकदम उभे राहिले. हा उपाशी आहे, याने जाळी दाखवली, हा तोंडात धरील आणि वाटेतच संपवील, असे त्या म्हणू लागल्या. त्यांचे काही खोटे नव्हते. तरसालाही स्वतःचा भरवसा नव्हता. आजवर त्याच्या तोंडात जे जे आले होते, त्यावर त्याचे दात मिटले होते. म्हातारीने सगळ्यांचे ऐकून घेतले आणि वाट मोकळी करून दिली.

बाहेर धुके होते. इतके दाट, की कातळ जवळ येईपर्यंत दिसला नाही. त्यावर कावळे ओळीने बसले होते. त्यांपैकी एकही ओरडत नव्हता आणि भेकराला अजून कुणी चोच लावली नव्हती. वाघ वरच्या कपारीत पडला होता. तरसाला बघून पहाऱ्यावरचा कोल्हा चकित झाला.

"अरे, दादा! जिवंत आहात की! बायको म्हणाली, उद्या सकाळी जेवायला यायचंय तुमच्याकडे."

तरस त्याला ओलांडून पुढे गेला. तो कातळावर चढला आणि त्याने भेकराची मान तोंडात धरली. कोल्ह्याने वर वाघाकडे पाहिले. कपारीतून वाघाचा संथ आवाज आला. "घेऊ दे त्याला. तरसाच्या पोटातून ते कसं उठतं, ते मला बघायचंय."

"मग इथेच खा ना, दादा," कोल्हा म्हणाला. "आम्हालाही गंमत बघू दे."

तरस थांबला. त्याच्या जिभेला रक्ताची चव लागली होती. तोंडाला पाणी सुटून गळत होते. पोट आत ओढले गेले होते आणि जबडा आपोआप मिटायला बघत होता. किती सोपे होते ते. त्याने जबडा तसाच धरून ठेवला.

"तरस आपलं खाणं बिळात नेऊन खातो," वाघ जांभई देत म्हणाला. "जाऊ दे त्याला."

धुक्यातून तो निघाला. कोल्हा मागे येत होता. एक पाय तरी ठेवा, दादा, असे आर्जवाने म्हणत होता. तरस थांबला आणि घशातल्या घशात असा गुरगुरला, की कोल्ह्याने शेपूट आत घेतली. खाणाऱ्याच्या जवळ जायचे नसते, हे कोल्ह्याला कुणी सांगायला नको होते. तो परत फिरला. पुढची वाट तरस एकटाच चालला. चार पावले टाकी आणि थांबे. दात मिटू नयेत म्हणून त्याने आपली जीभच मध्ये घातली होती. आता त्याच्या तोंडात रक्त होते ते त्याचे स्वतःचे.

बिळाच्या तोंडाशी त्याने भेकर खाली ठेवले आणि बाजूला होऊन बसला. म्हातारी सायाळ पुढे आली. तिने आपले नाक भेकराच्या मानेवरून फिरवले, पाठीवरून फिरवले, एकेका पायावरून खुरापर्यंत नेले. मानेवरचे केस ओले होऊन चिकटले होते. तिथे ती पुन्हा थांबली, पुन्हा हुंगले. कातडीवर दाताची एकही खूण नव्हती.

"तूच निजव त्याला," ती तरसाला म्हणाली.

तरसाने भेकराचे पाय एकेक करून पोटाशी दुमडले. ते काम त्याला नवे होते, म्हणून बराच वेळ लागला. कुणी घाई केली नाही.

नंतर तरुण सायाळी म्हणाल्या, की तरसाने काय केले ते जंगलात सगळ्यांना कळले पाहिजे. मघापर्यंत त्याच आपले काटे त्याच्यावर रोखून होत्या. तरसाने मान हलवली.

"नको. कुणाला सांगू नका," तो म्हणाला. "मी मेलेलं खातो असं त्यांना वाटतं, तोवरच ते मला उचलू देतील. उद्या त्या दगडावर आणखी कुणी असेल."

आणि होतेही. वाघाचा हुकूम पुढे कितीतरी दिवस चालू राहिला आणि पान न ठेवणारेही निघत राहिले. कातळ रिकामा राहिला नाही आणि भरलेलाही फार वेळ राहिला नाही. तरस येई, तोंडात धरी आणि धुक्यात दिसेनासा होई. त्याला कंदमुळांवर राहायची सवय झाली. त्याची वाईट कीर्ती मात्र वाढतच गेली.

एका संध्याकाळी एक हरणी आपल्या पाडसाला घेऊन वाटेच्या कडेला उभी होती. तिचा धनी सकाळी वाघापुढे उभा राहिला होता आणि परत आला नव्हता. रडून रडून तिचे डोळे सुजले होते. धुक्यातून तरस येताना दिसला. त्याच्या तोंडात काय आहे ते तिला नीट दिसले नाही, पण लोंबणारे पाय दिसले. तिने पाडसाला पोटाखाली ओढले.

"तोंड फिरव, बाळा," ती म्हणाली. "त्याच्याकडे बघू नये. मेलेल्यांनाही सोडत नाही मेला."

तरसाने ऐकले. ज्याच्यासाठी ती रडत होती, त्यालाच तो निजवायला नेत होता. पण तोंड उघडले असते तर तिचा धनी खाली पडला असता. म्हणून तरसाने पकड तेवढी सावरून धरली आणि त्याचे पाय दगडांना लागू नयेत म्हणून मान थोडी उंच करून तो पुढे चालत राहिला.

तात्पर्य : आपल्यावर झालेली दया आपल्यापाशीच ठेवू नये, पुढे न्यावी, आणि नेताना लोक आपल्याला काय म्हणतात, याचे उत्तर देण्यासाठी ती वाटेत खाली ठेवू नये.