वाया गेलेली शीळ

एकदा एका डोंगराच्या उतारावर, कुणीतरी केव्हाच सोडून दिलेल्या शेताच्या दगडी बांधात, वीतभर उंचीच्या माणसांची वस्ती होती. दगडांमधल्या फटी ही त्यांची घरे. कवठाची करवंटी हे त्यांचे मोठे पातेले. त्यात सगळ्या आळीची पेज शिजे. नाचणीचे एक कणीस दोघांनी खांद्यावरून वाहून आणायचे, सुगरणीच्या पडलेल्या खोप्यातले गवत सोडवून चटया विणायच्या, रानअळूच्या पानावर साचलेले दव कुणी आधी भरायचे यावरून पहाटे भांडायचे, असा त्यांचा दिवस जाई.

वीतभर माणसाला भिण्यासारखे जगात फार असते. मुंगूस असते, घोरपड असते, धामण असते. सर्वांत वाईट ससाणा, कारण तो येताना आवाज करीत नाही. पूर्वी म्हणे त्या वस्तीत सगळेच जण सगळा वेळ भीत असत. हातात खुरपे आणि नजर आभाळात. त्यामुळे पीक येईना, पेज करपे, आणि मुले रांगण्याआधी दचकायला शिकत. शेवटी कुणा पूर्वजाने भीतीची पाळी लावून दिली. रोज एकाने बांधावरच्या उंच धोंड्यावर बसायचे आणि सर्वांच्या वाटची भीती एकट्याने बाळगायची. काही दिसले, किंवा दिसल्यासारखे वाटले, की दोन बोटे ओठांत घालून शीळ घालायची. ती ऐकताच ज्याने त्याने हातातले टाकून जवळच्या फटीत शिरायचे. इतरांनी त्या दिवशी आभाळाकडे पाहायचेसुद्धा नाही. पाहणे म्हणजे धोंड्यावरच्या माणसाचा अपमान. आणि पाळी नसताना शीळ घालणे हा तर मोठाच अपराध होता. मुलांनी गमतीने ओठ गोल केले, तरी आई पाठीत धपाटा घाली.

आणखी एक रीत परक्यांना चमत्कारिक वाटे. शीळ खरी ठरली, तर धोंड्यावरच्या माणसाचे कोणी विशेष कौतुक करीत नसे. ती वाया गेली, तर मात्र दिवेलागणीच्या जेवणात वस्तीतला सर्वांत वृद्ध माणूस त्याच्या तळहातावर मधाचा एक थेंब ठेवी.

या वृद्धाचा एक तरुण शिष्य होता. बुद्धीने तल्लख आणि तितकाच मानी. आईवडील नव्हते, थोरल्या बहिणीने त्याला वाढवले होते. बहिणीची मुलगी राई नुकतीच पावले टाकू लागली होती, आणि तिला मामाखेरीज कोणाच्या हातून पेज चालत नसे.

शिष्याची पहिली पाळी आली, त्या दिवशी पलीकडच्या दरीतला मिठाचा एक व्यापारी वस्तीत उतरला होता. तोही वीतभरच. दुपारी शीळ घुमली. सगळे पळाले. व्यापारीही पळाला, आणि पळताना त्याचा मिठाचा खडा डबक्यात पडला. थोड्या वेळाने वरून गिरक्या घेत सागाचे एक वाळके पान खाली आले.

व्यापारी फटीतून बाहेर आला आणि पोट धरून हसू लागला. "काय हो शूरवीर, सागाच्या पानाला चोच कुठे असते ते तरी दाखवा!"

"हसू नका," शिष्याची बहीण म्हणाली. "पेज करपली ती आमची. तुमचं काय गेलं?"

"माझं मीठ गेलं, बाई!"

त्यावर सगळेच हसले. धोंड्यावर बसलेल्या शिष्याला ते हसणे ऐकू आले.

जेवणाच्या वेळी वृद्धाने त्याच्यापुढे मध आणला. शिष्याने मूठ मिटली. "आबा, मला नको. पानाला भ्यायल्याबद्दल मध?"

"घे रे. बोटं चिकट होतील, आणखी काय होणार?" वृद्धाने त्याची मूठ उघडून थेंब ठेवलाच.

व्यापाऱ्याने मान हलवली. "आमच्याकडे असले लाड नाहीत. आमचा माणूस नीट पाहतो, खात्री करतो, मगच शीळ घालतो. उगाच धावाधाव नाही."

"चांगलं आहे," वृद्ध म्हणाला. "तुमच्या वस्तीत म्हातारे किती आहेत?"

"म्हातारे?" व्यापारी हसला. "अहो, मीच सगळ्यांत थोरला!"

त्याच्या मिशीत एकही केस पांढरा नव्हता. पंगतीतल्या म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे पाहिले. शिष्य तेवढा हसला. त्याला तो विनोद वाटला. मग कोणाचे लक्ष नाही असे पाहून त्याने तळहातावरचा मध गवताला पुसून टाकला.

त्याची पाळी पुन्हा आली. या वेळी खात्री झाल्याशिवाय शीळ घालायची नाही, असे त्याने मनाशी ठरवले होते. ऊन स्वच्छ होते. खाली बायका नाचणी मळत होत्या. राई सपाट दगडावर बसून कोंड्याशी खेळत होती. कोणीही वर पाहत नव्हते.

सूर्याच्या अगदी कडेला एक ठिपका दिसला.

शिष्याची दोन बोटे ओठांपर्यंत गेली. पण तो ठिपका हलत नव्हता. पान असेल. कावळा असेल. उन्हाकडे फार वेळ पाहिल्याने डोळ्यांपुढे येतो तसला डाग असेल. त्याने बोटे खाली घेतली आणि डोळे बारीक करून पुन्हा पाहिले. ठिपका तिथेच होता. थोडा मोठा झाला होता का? झाला असावा. नसेलही. त्याला वाटले, एकदा आणखी पाहू.

तेवढ्यात शीळ वाजली.

ती त्याची नव्हती. ती खालून आली होती. अंगणात टोपली विणत बसलेल्या वृद्धाची दोन बोटे ओठांत होती, आणि त्याने आभाळाकडे एकदाही पाहिले नव्हते. क्षणभर सगळी वस्ती त्या अपराधाने जागीच थिजली. मग सवयीने पाय पळाले. बहिणीने राईला दंडाला धरून ओढले. बांधावरून सावली सरकली. शिष्याने अंग धोंड्याशी दाबले, डोळे मिटले, आणि त्याला दगडावर नखे घासल्याचा आवाज ऐकू आला.

त्याने डोळे उघडले, तेव्हा सपाट दगड रिकामा होता. कोंडा उडत होता. राईचे अंगावरचे फडके वर, फार वर, हवेत तरंगत होते.

"राई!" तो ओरडला.

फटीतून रडणे ऐकू आले. मोठे, खणखणीत रडणे. तिच्या खांद्यावर एक लांब ओरखडा होता. बाकी ती सगळी होती.

शिष्य खाली उतरून थेट वृद्धापाशी गेला.

"आबा, तुम्ही वर पाहिलंच नव्हतं. तुम्हाला कसं कळलं?"

"मी ससाण्याला नाही पाहिलं. तुला पाहत होतो," वृद्ध म्हणाला. "त्या रात्री तू जेवायला बसला होतास तिथल्या गवतावर दुसऱ्या सकाळी मुंग्या जमल्या होत्या. मध तू खाल्ला नाहीस, हे तेव्हाच समजलं. आज तुझी बोटं ओठांपर्यंत गेली आणि परत खाली आली. बाळा, भीतीनं आपलं काम केलं होतं. लाजेनं ते अडवलं. खात्री ही चांगलीच गोष्ट आहे. पण आपल्याला ती होते तेव्हा नखं दगडाला टेकलेली असतात. तुझी राहिलेली शीळ मी घातली, एवढंच."

"आणि ते पान असतं तर? वस्तीनं तुम्हाला..."

"तोच विचार माझ्याही मनात आला होता," वृद्ध हळूच म्हणाला. "म्हणून मला जरा उशीरच झाला. तिचा खांदा पाहिलास ना?"

त्या संध्याकाळी रीत मोडल्याबद्दल वृद्ध पंगतीत शेवटी बसला. शिष्य उठून त्याच्याशेजारी जाऊन बसला. मिठाच्या व्यापाऱ्याच्या काळ्याभोर मिशा त्याला आठवल्या, आणि त्याने हातातला घास परत खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी त्याने पाळी मागून घेतली. सकाळी त्याने शीळ घातली. बाहेर आलेल्यांना एक कावळा दिसला. पेज करपली. बहीण पुटपुटत पातेले खरवडत बसली, पण त्याला काही बोलली नाही. दिवेलागणीला त्याने आपण होऊन तळहात पुढे केला. वृद्धाने त्यावर मध ठेवला, आणि राईने दोन्ही हातांनी मामाचे बोट धरून तो चाटून टाकला.

आपल्याही घरात पानाला भिणारे कोणीतरी असते. त्याला हसण्यापूर्वी, आपल्या पंगतीत म्हातारे किती बसले आहेत, ते एकदा पाहून घ्यावे.