अडुळशाचं नाव

देवळातल्या घड्याळात सकाळचे आठ वाजले, तेव्हा हौसा माहेरच्या लग्नाला निघाली, आणि तिथूनच सगळं बिघडलं. ओढ्याकाठच्या एका लहानशा गावातली ही गोष्ट.

हौसाच्या परसात अडुळसा होता. कुणाच्या लेकराला खोकला झाला की बाया तिच्याच दारात यायच्या. हौसा एकटीच परसात जायची, पानं वाफवायची, रस पिळायची आणि मध घालून वाटी बाहेर आणून द्यायची. चोथा लगेच मातीत पुरायची. कुणी विचारलंच, "कसला गं हा पाला?" तर म्हणायची, "नाव घेतलं की औषधाचा गुण जातो. मुकाट घ्या." तिच्या मावशीनं तिला तसंच बजावलं होतं. आणि खरं बोलायचं तर, आपल्या दारात बाया ताटकळलेल्या तिला आवडायच्याही.

त्या सकाळी सासू म्हणाली, "ठकूला माझ्यापाशी ठेवून चाललीस ना? मग ते पान तेवढं दाखवून जा. पोर सारखी ढासतेय."

"आत्याबाई, दाखवलं तर गुण जाईल की!"

"अगं, मी काय तो गुण पदरात बांधून पळणार आहे? गुडघे तर उचलत नाहीत माझे."

हौसाला हसू आलं. "आत्ताच पाजलाय तिला रस. उद्या येतेच मी," असं म्हणून ती गाडीत बसली. वळणावर एकदा तिच्या मनात आलं, उतरावं का? पण बैल चालीला लागले होते.

दुपारी हौसाच्या लेकीचा, पाच वर्षांच्या ठकूचा खोकला वाढला. सासू काठी टेकत परसात गेली. लांबट पान आहे एवढंच तिनं कधीतरी ओझरतं पाहिलं होतं. अडुळशापाशी ती थांबली खरी, पण तिला वाटलं, याला तर शेळीसुद्धा तोंड लावत नाही, हे कसलं औषध! म्हणून तिनं शेजारच्या झुडपाची कोवळी, लांब पानं खुडली. कुंपणातून आत शिरलेलं ते रानटी झुडूप विषारी होतं, हे त्या बिचारीला काय ठाऊक?

तिनं रस काढला. ठकूनं तोंड उघडलं. "थांब गं बाय, फार कडू आहे का ते आधी मी बघते," म्हणत म्हातारीनं दोन घोट घेतले आणि तिथंच कोसळली.

शेजारची गोजराकाकू धावत आली. तिनं वाटी अंगणात पालथी केली, वैद्याला बोलावलं, हौसाकडे माणूस धाडला. हौसा पोचली तेव्हा वैद्य सासूचा हात धरून नुसतेच बसले होते.

"पोरीला नाही पाजलं बरं का," सासू पुटपुटली. "आधी मीच चाखलं. पान चुकलं का गं माझं?"

"तुमचं नाही, माझं चुकलं, आत्याबाई! तो अडुळसा. कुंपणालगतचा, तुमच्या खांद्याएवढा. अडुळसा म्हणतात त्याला, अडुळसा!" हौसा ओरडून सांगत राहिली. शेवटी गोजराकाकूनं तिच्या पाठीवर हात ठेवला. "पुरे आता, हौसा. गेल्या त्या."

तेरावं झाल्यावर हौसानं ते विषारी झुडूप मुळासकट उपटलं. अडुळशाच्या फांद्या तोडल्या आणि घरोघर फिरली. "हा अडुळसा. फांदी खोचा, पाणी घाला, लागतो. पानं अशी वाफवायची. पोराला धाप लागली, ताप चढला, तर मात्र याच्यावर थांबू नका, वैद्याला गाठा."

दारोदार अडुळसा फुटला. आता सगळ्या गावाला त्याचं नाव माहीत होतं, तरी पोरांचा खोकला पूर्वीसारखाच बरा व्हायचा. गुण तसूभरही कमी झाला नव्हता. "बरं वाटलं हो पोराला," असं कुणी कौतुकानं सांगायला आलं की हौसा मान फिरवून डोळे पुसायची.

तात्पर्य: सांगितल्यानं औषधाचा गुण जात नाही, न सांगितल्यानं माणूस जातं.

तुमच्या परसात, कुंडीत जे काही औषधी लावलं असेल, ते आजच घरातल्या सगळ्यांना हात लावून ओळखायला शिकवा. आणि ओळख नसलेला पाला कुणी तोंडात घालू नये, एवढं शेजारणीलाही आठवणीनं सांगा.