चिखलावरची रेघ

फार पूर्वी एका खाडीच्या अलीकडे पांढरे बगळे राहत आणि पलीकडे राखी बगळे. ओहोटी लागली की मधला चिखल उघडा पडे, चिखलातले निवटे मासे उड्या मारू लागत. बगळ्यांना मासे मिळण्याची वेळ तेवढीच. पण नेमके तेव्हाच दोन्हीकडचे म्हातारे मधोमध जमून चोचीने हद्दीची रेघ ओढत बसत. रेघ ठरेपर्यंत कुणी शिकार करायची नाही, असा दंडक होता. रेघ ठरत आली की भरती येई आणि ती पुसून टाकी.

पांढऱ्यांतल्या टिपरी नावाच्या तरुण बगळीचा धाकटा भाऊ घरट्यात भुकेने निपचित पडला होता.

"आजोबा, आधी खाऊ द्या, मग भांडा की!" ती म्हणाली.

"तुला काय कळतंय? पूर्वजांची हद्द आहे ही," पांढऱ्यांचा धवळूआजा खेकसला.

"मग पूर्वजांनाच भरवा ती!"

टिपरीने सरळ रेघ ओलांडली आणि एक निवटा पकडला.

"चोर! आमचा निवटा!" राखी म्हातारा ओरडला.

"हट्! आमचाच आहे तो!" धवळूआजा उसळला. दोघे पुन्हा रेघेवर वाकले. टिपरी तोवर घरट्यात पोचली होती.

पुढच्या ओहोटीला तिच्या मागोमाग सगळी तरुण पोरं चिखलात उतरली. समोरून राखी पोरंही आली. म्हाताऱ्यांनी जिथे चोच टेकवावी तिथे कुणाचा तरी पाय.

"सरका रे! रेघ ओढायची आहे!"

"आत्ता ओहोटी आहे, आजोबा," टिपरी मान वर न करताच म्हणाली. "भरती आली की ओढा."