तापीआत्याचा आकडा

त्या राज्यात नदी तारेतून यायची आणि दिवे ती पिऊन जगायचे. कोण किती राबतो हे ठरवायची रीत एकच होती. दिवेलागणीला बटणअण्णा एकेकाच्या कपाळाला हात लावायचे. चटका बसला तर कष्टाळू, नाही बसला तर कामचुकार. छताच्या मधल्या आकड्याला लटकायचा मान म्हणूनच वर्षानुवर्षं तापीआत्याकडे होता. पिवळी, गोल, तापट. दहा घोट प्यायची, त्यातले नऊ नुसते तापण्यात जायचे. पण हे कुणी विचारलंच नव्हतं.

मग नखाएवढी नवी दिवली आली, इवली. अण्णांनी हात लावला. गार!

"ही काय करते हो दिवसभर?" आत्या खेकसली. "काजव्याची सून दिसतेय."

"आत्या, मी एकच घोट पिते," इवली म्हणाली. "घाम दिसत नाही म्हणून काम होत नाही का?"

"लई बोलतेस! टांगा हिला मोरीत."

त्या वर्षी नदी आटली. आत्या लाल निखाऱ्यासारखी धुमसायची, पण उजेड जमिनीपर्यंत पोचेना. एका संध्याकाळी तिनं खाली पाहिलं, तर सूप, चाळण, विळी, सगळी तिच्याकडे पाठ करून मोरीच्या दाराशी कामाला बसली होती.  ते तिला फार लागलं.

आकडा सोडला तर भंगार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी तीच ओरडली, "अण्णा, बघत काय बसलाय? काढा मला! पोरीला आणा इथं."

इवली आणि तिच्या बहिणी घरभर लागल्या. नदी पुरून उरू लागली. आत्या माळ्यावर भुशात पडून राहिली.

थंडीत मुंगसानं कोंबडी नेली. पाटीत अकरा पिल्लं उरली, कालच अंड्यातून निघालेली. इवली त्यांच्यावर वाकली, लख्ख पेटली. पिल्लं एकमेकांना स्पष्ट दिसली, आणि थरथरतच राहिली.

इवलीनं माळ्याकडे हाक दिली, "आत्या, मला हे येत नाही. या ना."

"आत्ता आठवली होय गं मी?" आत्या फणकारली, पण भुसा झटकत झटकतच.

अण्णांनी तिला पाटीवर अगदी खाली टांगलं. उरलेली नदी ती पोटभर प्यायली. पिल्लांनी वर मान करून पाहिलंसुद्धा नाही. सगळ्यात मरतुकडं होतं ते धडपडत बरोब्बर तिच्याखाली आलं, पंखात चोच खुपसली आणि डोळे मिटले.